एकुलती आमरी

फार फार पूर्वी, राज्यांच्या सीमा नद्या ठरवत असत त्या काळी, डोंगराच्या कुशीत एक नगर होतं. तिथल्या माणसांना एकच वेड होतं, आमरीच्या फुलांचं.

आमरी तुम्ही पाहिली असेल. ती मातीत उगवत नाही. उंच झाडाच्या फांदीला मुळांनी मिठी मारून बसते आणि वाऱ्यातला ओलावा पिऊन जगते. परगावचे लोक तिला बांडगूळ म्हणत, आणि तसं म्हटलं की या नगरातल्या माणसांचा पारा चढे. "बांडगूळ झाडाचं रक्त पितं," ते म्हणत. "आमची आमरी फक्त बसायला जागा मागते."

दर वैशाखात देवळाच्या मंडपात आमरींचं प्रदर्शन भरे. ज्याची आमरी श्रेष्ठ ठरे, त्याला राजाकडून शेला मिळे. शेल्यापेक्षा मोठी असे ती चर्चा. रोप नारळाच्या सोडणावर बांधावं की लाकडाच्या ढलपीवर, पाणी सकाळी शिंपडावं की सांजावताना, यावरून सख्खे मेहुणे वर्षवर्ष एकमेकांच्या घरी जेवत नसत.

या शौकिनांत केरोबा आणि धाकोजी हे दोघे सर्वांत जाणते होते. दोघे लहानपणापासूनचे मित्र. एकाने हो म्हटलं की दुसऱ्याने नाही म्हणायचंच, असं त्यांचं चाले. पण वाद संपला की दोघे एकाच वाटेने, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून घरी जात.

एकदा रान हिंडताना ते एका अरुंद दरीत शिरले. तिथे जुन्या झाडांच्या फांद्यांवर त्यांना एक निराळीच आमरी जागोजागी फुललेली दिसली. दुधासारखी पांढरी आणि प्रत्येक पाकळीवर कुंकवाच्या काडीने ओढावी तशी एकच लाल रेघ. असं फूल दोघांनीही कधी पाहिलं नव्हतं.

केरोबाला उंचीवर घेरी येत असे. म्हणून धाकोजी झाडावर चढला. त्याने दोनच रोपं सोडवली आणि खाली उतरून त्यातलं भरदार रोप केरोबाच्या हातात दिलं.

"बाकीची इथेच राहू देत," तो म्हणाला. "आणि ही जागा कुणाला सांगायची नाही. कळली तर चार दिवसांत दरी ओकीबोकी होईल."

"नाही सांगणार," केरोबा म्हणाला. दोघांनी झाडाच्या बुंध्यावर हात ठेवून शपथ घेतली.

पुढच्या वैशाखात दोन्ही रोपं फुलली. मंडपात नुसती झुंबड उडाली. कुणी म्हणे केरोबाची रेघ ठसठशीत, कुणी म्हणे धाकोजीच्या पाकळीला डौल अधिक. प्रदर्शनाचे परीक्षक अंतोबा नावाचे वृद्ध गृहस्थ होते. त्यांनी दोन्ही फुलं पुन्हा पुन्हा निरखली आणि मान हलवली.

"दोन्ही सारखीच आहेत," ते म्हणाले. "एक उचलून दुसऱ्याच्या जागी ठेवलं, तर मला कळणारसुद्धा नाही. यंदाचा शेला कुणालाच नाही."

धाकोजी खो खो हसला. केरोबाही हसला. पण घरी आल्यावर तो निकाल त्याला काट्यासारखा सलू लागला. हे फूल जगात एकट्या माझ्याकडे असतं तर, असं त्याच्या मनात आलं. आणि एकदा आलेला विचार परत गेला नाही.

त्या पावसाळ्यात झड लागली ती हटेना. धाकोजीचं रोप मुळाशी कुजलं आणि गेलं. धाकोजी केरोबाच्या अंगणात आला, तेव्हा त्याचा चेहरा घरातलं माणूस गेल्यासारखा झाला होता.

"केरोबा, तुझ्या रोपाला नवा फुटवा आलाय. तेवढा मला दे."

केरोबाने रोपाकडे पाहिलं. फुटवा चांगला बोटभर वाढला होता. सहज निघाला असता.

"यंदा नको रे," तो म्हणाला. "मुळं नाजूक आहेत. फुटव्यापायी मूळ रोपच जायचं."

"तेही खरंच," धाकोजी म्हणाला. मित्राच्या शब्दावर त्याने कधी शंका घेतली नव्हती. "मग पाऊस उघडला आणि वाट वाळली की मी दरीतूनच एक आणतो."

धाकोजी गेला आणि केरोबा अंगणात बसून राहिला. दरीत ती रोपं आहेत तोवर आपलं फूल एकुलतं होणार नाही, एवढंच त्याला दिसत होतं.

पाऊस सरला. वाट पुरती वाळण्याआधीच केरोबा कोयता, दोर आणि पोतं घेऊन एकटा दरीत गेला. जो माणूस माळ्यावर चढताना घाबरे, तो त्या उंच झाडांवर चढला. पहिलं रोप त्याने हळुवार, अंगठ्याने मुळं सोडवत काढलं. हातांची ती सवयच होती. दुसरंही तसंच काढलं. मग रोपं फार आहेत असं पाहून त्याने कोयता चालवायला सुरुवात केली. साल खरवडली जाऊन पांढरं लाकूड दिसू लागलं. तळहाताएवढी पिल्लं त्याने नखांनी उपटली. सगळी रोपं त्याने पोत्यात भरली आणि खालच्या ओढ्यात सोडून दिली. पाण्याने ती नेली.

घरी येऊन त्याने अंघोळ केली आणि आपल्या रोपावर पाणी शिंपडलं.

काही दिवसांनी धाकोजी पहाटेच निघण्याच्या तयारीने आला. खांद्याला झोळी, झोळीत रोप गुंडाळायला ओलं शेवाळ.

"चल येतोस? दोघं मिळून जाऊ."

"गुडघा धरलाय," केरोबा म्हणाला.

"मग बस शेकत. अरे, माझ्यापेक्षा तुझ्याच रोपासाठी जायला हवं. मी बरीच वर्षं पाहतोय, आमरीचं एकटं रोप बी धरत नाही. शेजारी दुसरं हवंच. माझं रोप लागलं की दोन्हींचं मिळून बी धरेल. मग बघ, नगरभर करू."

केरोबाच्या ओठांवर शब्द आले होते. जाऊ नकोस, तिथे काही उरलेलं नाही. पण ते बोललं की पुढचं सगळं बोलावं लागलं असतं. तुला कसं ठाऊक, असं धाकोजीने विचारलं असतं.

"जपून जा," एवढंच तो म्हणाला.

धाकोजी हात हलवून गेला. संध्याकाळी परतला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी मधाची पोळी काढणाऱ्यांना तो दरीच्या तळाशी, ओढ्याच्या दगडांत सापडला. कड्याच्या अगदी टोकाला, पोकळीवर झुकलेलं एक झाड होतं. त्याची फांदी मोडली होती. इतक्या अवघड झाडावर हा का चढला असेल, हे कुणालाच उमगेना. झोळीतलं शेवाळ अजून ओलं होतं.

केरोबाने खांदा दिला. लोक म्हणाले, मित्र असावा तर असा.

वैशाख आला. मंडपात पांढऱ्या पाकळीवरच्या लाल रेघेचं एकच फूल होतं. अंतोबांनी केरोबाच्या खांद्यावर शेला घातला. केरोबाने सवयीने बाजूला पाहिलं. "छे, छे, पाकळीला डौल नाही," असं म्हणणारं तिथे कुणी नव्हतं. लोकांनी फूल पाहिलं, वाहवा केली आणि ते पुढे गेले. ज्याच्याशी जोडून पाहावं असं दुसरं फूलच नव्हतं, तर बोलणार काय?

फूल सुकलं. बी धरलं नाही. पुढच्या वर्षीचं फूल बारकं आलं. मग पानं पिवळी पडू लागली. केरोबाने सोडण बदललं, ढलपी बदलली, उन्हातून सावलीत, सावलीतून उन्हात नेलं. ज्या फुटव्यावर त्याची आशा होती, तो आधी वाळला.

शेवटी तो दरीत गेला. एखादं पिल्लू नजरेतून सुटलं असेल, कुठे सालीच्या भेगेत पुन्हा धरलं असेल, म्हणून. झाडामागून झाड त्याने पाहिलं. कुठेही काही नव्हतं. फक्त कोयत्याचे वार होते. साल त्यांच्या कडांनी वर आली होती, पण वार बुजले नव्हते.

ते वार पाहता पाहता केरोबाच्या ध्यानात आलं. धाकोजीनेही हे पाहिलं असणार. त्या दिवशी तर ते ताजे, पांढरेफटक होते. आणि ही जागा दोघांखेरीज कुणालाच माहीत नव्हती. म्हणजे त्या शेवटच्या झाडावर चढण्याआधी धाकोजीला सगळं कळलं होतं. कळूनही तो चढला होता, एखादं तरी रोप वाचलं असेल म्हणून.

केरोबा तिथून थेट धाकोजीच्या घरी गेला. धाकोजीची बायको सुंद्राबाई जात्यावर दळत होती. केरोबाने उंबऱ्याबाहेर उभं राहून सगळं सांगितलं. फुटव्याचं सांगितलं, कोयत्याचं सांगितलं, पहाटेचंही सांगितलं. जात्याचा खुंटा तिच्या मुठीत थांबला.

"जाऊ नकोस, एवढंच म्हणायचं होतं ना भावजी?" तिने विचारलं. "दोन शब्द?"

"हो वहिनी."

"ते तेव्हा नाही बोललात. आता तुम्ही बोललात काय आणि न बोललात काय."

तिने जात्यात मूठभर दाणे टाकले आणि पुन्हा दळायला लागली. केरोबा वळून निघाला. तिने वर पाहिलं नाही.

त्याने मंडपात नगराच्या सभेपुढेही गुन्हा कबूल केला. शेला अंतोबांच्या पायांशी ठेवला. अंतोबांनी तो उचलला नाही आणि दुसऱ्या कुणालाही दिला नाही. सभेने केरोबाला दंड केला नाही, हाकललंही नाही. फक्त त्या दिवसापासून त्याच्याशी कुणी वाद घातला नाही. तो काही म्हणाला की लोक "असेल" म्हणत आणि दुसरीकडे वळत. वादावर वाढलेल्या त्या नगरात याहून मोठी शिक्षा नव्हती.

पुढच्या पावसाळ्यात ते रोप मेलं. त्या जातीची आमरी पुन्हा कुठल्याच रानात कुणाला दिसली नाही. हळूहळू माणसं तिचं रूपही विसरली. पाकळीवरची रेघ तांबडी होती की जांभळी, यावरून मंडपात कधी कधी तावातावाने बोलणं होई. खरं काय ते एकाच म्हाताऱ्याला ठाऊक होतं. तो खांबाला टेकून ऐकत बसे. त्याला कुणी विचारत नसे.

तात्पर्य: फक्त आपल्याकडेच असावं म्हणून जे आपण जगातून नाहीसं करतो, ते आपल्याकडेही टिकत नाही.