काचेची शिट्टी

"विश्वास ठेवायचा तरी कुणावर, उस्ताद? काचेवर, गमवर, की माणसावर?"

बाबगोंडा मगदूम पायरीशी उभा राहून विचारत होता. चपलाही काढल्या नव्हत्या. जयसिंगपुरात गाड्यांच्या काचा बसवायचं त्याचं दुकान, बावीस वर्षांचं. रस्त्यात खडा उडून कुणाची पुढची काच तडकली की पहिला फोन बाबगोंडालाच. पण आज त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं.

समोर हुसेनसाहेब बसले होते. हे काम त्याला शिकवणारे तेच. हात थरथरायला लागले तसा त्यांनी धंदा सोडला, आणि आता मिरजेबाहेरच्या या लहानशा दर्ग्यात झाडलोट करत असत.

"बस," हुसेनसाहेब म्हणाले.

"बसायला वेळ नाही."

"मग उभा राहा. पण फेऱ्या मारू नकोस. माझी मान दुखते."

बाबगोंडा थांबला. बोटातली किल्ली मात्र फिरतच राहिली.

"डॉक्टर आवटींची गाडी. नवी काच घातली, आठ दिवसांत वरच्या कोपऱ्यातून पाणी. काढून परत घातली, तर साठच्या पुढं गेलं की शिट्टी. डॉक्टर हसून म्हणतात, मगदूम, काच बसवलीत की बासरी?"

गिऱ्हाईक भांडलं तर दुकानदार निभावून नेतो. गिऱ्हाईक हसलं की त्याची झोप उडते.

"काल तिसऱ्यांदा घातली. कंपनीची काच, चिकटवायला भारीतला गम. आज सकाळी पुन्हा शिट्टी."

"मग?"

"मग काय. सिद्रामला सांगितलं, उद्यापासून येऊ नकोस. गम तोच लावतो. चौदा वर्षं होता माझ्याकडं. पाचच्या एसटीनं गावाकडं चाललाय."

हुसेनसाहेबांनी अंगणातल्या सावलीकडं पाहिलं. तीन वाजून गेले असावेत.

"काही बोलला?"

"काहीच नाही. बोलला असता तर मीही चार शब्द बोललो असतो. हत्यारं पुसून ठेवली आणि गेला."

...

"गाडी आणलीस?"

गाडी फाटकातच उभी होती. हुसेनसाहेब उठले. लोबानाचं धुपाटणं घेऊन आले, गाडीत खाली एक फरशी ठेवली, तिच्यावर ते ठेवलं. चारी काचा वर करायला लावल्या. बघता बघता आतलं काही दिसेनासं झालं.

"डॉक्टर वास घेतील, उस्ताद."

"घेऊ देत. काच बसवून झाली की शेवटी काय करतोस?"

"नेहमीचंच. गिऱ्हाइकासमोर दार आपटून दाखवतो. म्हणतो, बघा, काच तसूभर हलते का."

"कर."

बाबगोंडानं दार उघडलं आणि सवयीनं आपटलं.

पुढच्या काचेच्या वरच्या कोपऱ्यातून, काच आणि पत्रा यांच्या मधून, धुराची एक बारीक पिचकारी बाहेर उडाली.



"आता मागची काच चार बोटं खाली घे. पुन्हा आपट."

त्यानं आपटलं. दाबलेली हवा धुरासकट मागच्या खिडकीतून भसकन बाहेर पडली. कोपऱ्यातून काही आलं नाही.

"गम धरायला किती वेळ लागतो?"

"पाच-सहा तास."

"आणि दार कधी आपटतोस?"

बाबगोंडाची किल्ली फिरायची थांबली.

...

"सिद्राम खिडकी खाली ठेवायचा," तो म्हणाला. "दर वेळी. मी वर करायचो. म्हणायचो, अर्धवट बंद गाडी गिऱ्हाइकाला बरी दिसत नाही."

मग एकदम त्याचा आवाज चढला.

"पण दार आपटायला तुम्हीच शिकवलंत, उस्ताद. पहिल्याच आठवड्यात. आवाज खणखणीत आला की गिऱ्हाइकाला भरवसा वाटतो. तुमचेच शब्द."

"माझेच. तेव्हा काच रबरात बसायची. तू आतून दोरी ओढायचास, मी बाहेरून काच दाबायचो. बसली की बसली. रबराला वाळायचं नसतं."

"मग गम आला तेव्हा का नाही सांगितलंत?"

हुसेनसाहेबांनी वाकून धुपाटणं बाहेर काढलं. हात थरथरत होते, पण राख सांडली नाही.

"गम आला तेव्हा मीही दार आपटतच होतो. चार वर्षं. काच गळाली की गमवाल्याला शिव्या द्यायचो."

"कळलं कधी?"

"धंदा सोडल्यावर. इथं रोज लोबान जाळतो, दार लावतो. धूर कुठून निघतो ते दिसतं."

"आणि मला सांगितलं नाहीत."

"लाज वाटली."

रस्त्यानं एक ट्रॅक्टर गेला. 

बाबगोंडानं घड्याळ पाहिलं. पावणेचार. तो घाईनं गाडीत बसला, मागची खिडकी तशीच खाली ठेवली, आणि दार ओढता ओढता थांबला. मग ते अलगद लावून घेतलं.

"स्टँडवर गाठतो त्याला. सांगतो, गमचा डबाच खराब निघाला. येईल परत. चौदा वर्षं हाताखाली असलेला माणूस आहे, फार विचारायचा नाही."

हुसेनसाहेब खिडकीशी आले.

"बाबगोंडा, त्याच्यापुढं हिशेब मांडशील तो खरा मांड. माझ्यापासून सुरू कर."