काचेच्या डब्याची पहिली फेरी

अमेरिकेत कोळशाची इंजिनं धावत होती, तेव्हाची गोष्ट. एका आगगाडीच्या शेपटाला विलो क्रीक नावाचा नवाकोरा डबा होता. त्याची मागची बाजू सगळी काचेची. प्रवासी तिथे कोचावर बसून मागे पडणारे डोंगर बघत.

पहिली फेरी संपली, प्रवासी उतरले. मग यार्डातलं म्हातारं इंजिन, जोनासकाका, एकट्या विलो क्रीकला न्यायला आले.

"मला काढून टाकताय!" म्हणत विलो क्रीकने शेजारच्या डब्याची कडी घट्ट धरली. काकांनी ओढलं, तरी सुटेना.

"अरे वेड्या, गाडी आता उलटी परत जाणार. इंजिन या बाजूला लागेल. इथेच राहिलास तर दिवसभर तुझ्या काचेवर धूर! तुला वळवून दुसऱ्या टोकाला लावायचंय."

विलो क्रीकने भीत भीत कडी सोडली. काकांनी त्याला फिरत्या चकतीवर वळवलं आणि दुसऱ्या टोकाला जोडलं. काचेसमोर पुन्हा मोकळे रूळ आले.

"आधी सांगायचं ना, काका!"

"तू विचारलंस कुठे? थेट कडी धरून ओरडायलाच लागलास!"

विलो क्रीकला इतकं हसू फुटलं, की काचा खुळखुळल्या.

नुकत्याच आत येऊन बसलेल्या हॉलंडबाई नवऱ्याला म्हणाल्या, "चला, सुटली वाटतं गाडी."