साचा आणि हातोडी

फार मागे, डोंगराच्या कुशीत, धुक्यात अर्धं बुडालेलं एक घर होतं. तिथं सावळाराम ओतारी काशाच्या घंटा घडवायचा. मेणाच्या घंटेवर मातीचा साचा लिंपायचा, मेण वितळवून काढायचा आणि त्या पोकळीत तापलेला रस ओतायचा. रस निवला, की हातोडीनं साचा फोडायचा.

म्हणून घरात हातोडीला मान नव्हता. "आली घरफोडी!" भाता फुसफुसायचा. सांडशी तोंड फिरवायची. ऐकून ऐकून हातोडी विटली. एका सकाळी आतला रस निवलेला नवा साचा समोर आला. त्याच्यावर सावळारामच्या बोटांचे ठसे अजून दिसत होते. हातोडी दांड्यातून निसटून खाली पडली.

"नाही फोडणार," ती म्हणाली. "एवढ्या मायेनं लिंपलेलं मोडायला मीच बरी सापडते!"

साचा मंद हसला. "अगं, माझी माती हुंगून तरी बघ. तू आजवर फोडलेले साचे कुटून, चाळून यातच मळलेत. नुसती नवी माती रसाच्या धगीनं तडकते. आणि माझ्या पोटात एक पोर श्वास कोंडून बसलीय. तिला कंठ फुटायचाय."

सावळारामनं पाचर मारून दांडा घट्ट केला. हातोडी हलकेच खाली आली. साचा फुटला.

घंटा आढ्याला टांगली, पहिला टोल पडला. नाद धुक्यातून तरंगत डोंगरापलीकडे गेला. भात्यानं फुसफुसणं सोडलं, सांडशीनं तोंड हातोडीकडे वळवलं.

हातोडीनं जमिनीवरच्या खापऱ्यांना हळूच विचारलं, "फार लागलं का गं?"

"थांब जरा," खापऱ्या म्हणाल्या, "ऐकू दे."