कौल आणि अंगठा

"डावी पाकळी पाडली कुणी, आबा? देवानं, की तुमच्या अंगठ्यानं?"

भिकाजी गुरव समईची वात सारखी करत होते. त्यांनी मान वर केली नाही.

विचारणारा दत्ताराम, त्यांचा शिष्य. पूजा शिकला होता, गाऱ्हाणं घालायला शिकला होता, आणि आता गुरूवर संशय घ्यायलाही शिकला होता.

सकाळी शेवंतीचा बाप काशीराम कौल घेऊन गेला होता. प्रश्न त्यानं आबांच्या कानात सांगितला. पण तो दत्तारामाच्या स्थळाबद्दलचा, हे सगळ्या गावाला ठाऊक. देवाच्या पाषाणावर दोन अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी आधी गळली तर होय, डावी गळली तर नाही.

डावी गळली. काशीराम पाया पडला आणि लग्नाचं बोलणं तिथंच थांबलं.

दत्तारामाला शेवंती हवी होती. तिच्यावाचून त्याला अन्न गोड लागत नव्हतं.

"उजवी पाकळी तुम्ही जोरात दाबलीत. मी बघत होतो."

"असेल."

"म्हणजे कबूल?"

"ह्या अंगठ्यावर माझाही संशय आहे," आबा म्हणाले. "जन्मभर ह्या मेल्यावर नजर ठेवून आहे. अजून सापडला नाय."

दत्ताराम आणखीच भडकला. "सुताराच्या विहिरीला उजवी दिलीत, तिथं खडक लागला. अनशीची म्हैस जगेल का, तर डावी दिलीत, ती अजून दूध देते!"

"दूध बरं आहे तिचं. दाट."

"थट्टा नको, आबा! पुढचं दिसत नाय, तर कौल लावता कशाला?"

आबांनी समईत तेल घातलं.

"लोक भितात. भ्यालेल्या माणसाला परत पाठववत नाय."

मग त्यांनी फुलांची परडी त्याच्यापुढं सरकवली.

"तू लाव. काशीरामाचाच प्रश्न. देवाला ठाऊक आहे तो."

दत्तारामानं दोन पाकळ्या निवडल्या. डावी पाण्यात बुडवून चांगली दाबून बसवली. उजवी नुसती टेकवली. आबा दाराबाहेर बघत होते. निदान तसं दाखवत तरी होते.

फार वाट बघावी लागली नाही. उजवी गळली.

"बघा!" आनंदानं त्याचा आवाज चिरकला. "देवानं उजवी दिली! आता काशीरामकाकांना सांगा. आजच सांगा."

"दिलीन खरी," आबा म्हणाले. "पण काशीरामानं विचारलंन काय होतं, ठाऊक आहे तुला?"

"पोरगी सुखात राहील का, हेच ना? सगळे बाप तेच विचारतात."

"ते नाय विचारलंन."

आबांनी गळलेली पाकळी उचलून त्याच्या ओल्या तळहातावर ठेवली.

"म्हणाला, देवा, मुलगा सरळ आहे ना? फसवणारा तर नाय ना?"

दत्तारामानं मूठ मिटली... उघडली... त्याचं तोंड असं उतरलं की बघणाऱ्याला दया यावी.

तो पुटपुटला, "आणि तुमची डावी, आबा? ती तरी खरी होती?"

"मला काय ठाऊक?"

"मग काकांना आता..."

आबांनी गाभाऱ्याचं दार ओढून घेतलं.

"देव म्हणतो, मुलगा सरळ आहे. जा, तूच सांग त्याला."