दोन डिस्क गेल्या तरी

"मग हा दिवा पिवळा का?"

मंदाअक्कांनी काठीनेच कपाटातली काळी पेटी दाखवली. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्या आज पहिल्यांदाच आतल्या खोलीत आल्या होत्या.

"एक डिस्क गेलीय," पराग म्हणाला. "पण काळजी नाही, अक्का. काम चालू आहे."

अक्कांनी आयुष्यभर कॉलेजात कॉम्प्युटर शिकवला होता. निवृत्तीनंतर त्यांनी तापीकाठच्या या गावात आवाजांचा संग्रह उभा केला. धरणाखाली गेलेल्या गावांतली गाणी, हाका, गाऱ्हाणी. पराग त्यांचा विद्यार्थी. अक्कांच्या शब्दाखातर पुण्याची नोकरी सोडून आला, आणि ही पेटी त्यानेच बसवली. तिचा त्याला अभिमान होता. आत आठ डिस्क. आवाज त्यांच्यात असे वाटून ठेवलेले, की कोणत्याही दोन बंद पडल्या तरी उरलेल्यांवरून सगळं पुन्हा जुळवता यावं.

"कधी गेली?"

"बघावं लागेल..."

त्याने पाहिलं. दिवाळीच्या आधीच गेली होती. आता खिडकीबाहेर आंबा मोहरला होता.

"पेटी ओरडली नाही?"

"ओरडत होती. मी आवाज बंद केला. बाहेर काम करणाऱ्यांना त्रास व्हायचा."

"आणि मग?"

"मग... काही अडलं नाही, अक्का. गाणी नीट वाजत होती. राहून गेलं."

परागने नवी डिस्क आणून बसवली. गेलेल्या डिस्कवरचं सगळं नवीवर पुन्हा लिहायचं, तर बाकीच्या सगळ्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचाव्या लागतात. एवढी मेहनत त्यांना एरवी कधी पडत नसे.

दुपारी दुसरा दिवा पिवळा झाला.

"सगळ्या एकाच दिवशी घेतल्यास?" अक्कांनी विचारलं.

"हो. एकाच दुकानातून. मुद्दाम एकसारख्या घेतल्या."

"म्हणजे थकल्याही बरोबरच."

आता आणखी एक गेली की सगळंच गेलं.

"दुसरी प्रत कुठे आहे?"

"हीच ती, अक्का. मूळ टेपांना बुरशी लागली होती, त्या टाकून दिल्या. कामाच्या कॉम्प्युटरवर जागा उरली नाही, तिथलं पुसलं. इथे दोन गेल्या तरी चालतं, म्हणून..."

तेवढ्यात दारात गिरजाबाई कोळी आल्या. त्यांचं गाव पाण्याखाली गेलेलं. आईचा फोटो कोणी काढलाच नव्हता. तिने म्हटलेली हळदीची गाणी तेवढी या संग्रहात होती, आणि गिरजाबाई वर्षातून एकदा येऊन ती ऐकून जात.

पराग घाईने दाराशी गेला. "मावशी, आज नको. मशीनचं काम चाललंय."

"मग उद्या येऊ?"

"हो, उद्या..."

"पराग," आतून अक्का म्हणाल्या. "खरं सांग त्यांना."

तो गिरजाबाईंकडे वळला.

"मावशी, तुमच्या आईचा आवाज या पेटीत आहे. पेटीच्या दोन डिस्क बंद पडल्यात. आणखी एक पडली तर आवाज राहणार नाही. पहिली गेली तेव्हाच मी बदलायला हवी होती. मी बदलली नाही."

"दुसरीकडं कुठं नाही?"

"नाही."

गिरजाबाई चपला बाहेर काढून आत आल्या आणि पेटीसमोर खाली बसल्या.

"बसते मग इथंच," त्या म्हणाल्या. "माय गेली तेव्हा मी जवळ नव्हते."

परागही खाली बसला. पडद्यावर किती काम झालं त्याचा आकडा सरकत होता. मध्येच तो बराच वेळ अडून राहिला, तेव्हा कोणी कोणाकडे पाहिलं नाही.

"तापली असंल," गिरजाबाई हळूच म्हणाल्या. "पंखा लावा की."

परागने पंखा लावला.

दिवेलागणीला काम पुरं झालं. तिसऱ्या एका डिस्कवरची एक जागा वाचता आली नव्हती, आणि त्या जागी असलेला एक आवाज गेला. बाकीचे वाचले. गिरजाबाईंच्या आईची गाणी वाचली. परागने ती लावली. गिरजाबाईंनी डोळे मिटून सगळी ऐकली, पदराने तोंड पुसलं आणि उठल्या.

"लक्ष ठेव, बाबा," जाता जाता त्या म्हणाल्या.

खोलीत दोघंच उरली.

"कोणता गेला?" अक्कांनी विचारलं.

"एका नावाड्याची हाक. रामा तायडे नाव लिहिलंय."

"कोणी ऐकायला यायचं?"

"कोणीच नाही."

"तू ऐकली होतीस?"

"...नाही."

"मी ऐकली होती. पलीकडच्या काठाला पोचायची." अक्कांनी मान वर केली, हात तोंडाशी नेला, हाक घालायला श्वास घेतला... आणि हात खाली आणला. "नाही. तशी नाही जमायची."

त्या आठवड्यात त्याने सगळ्या आवाजांची एक प्रत भुसावळला अक्कांच्या बहिणीकडे नेऊन ठेवली आणि एक नाशिकला. प्रत्येक प्रत परत उघडून, ऐकून पाहिली. जुन्या डिस्क एकेक करून बदलल्या, वेगवेगळ्या कंपन्यांच्या आणल्या. एवढं करूनही त्याला झोप लागेना. शेवटी तो अक्कांकडे आला.

"अक्का, आणखी मोठी पेटी बांधतो. तीन गेल्या, चार गेल्या तरी चालेल अशी. तुम्हीच सांगा, किती डिस्क लावू म्हणजे निर्धास्त होता येईल?"

"हव्या तेवढ्या लाव," अक्का म्हणाल्या. "निर्धास्त होशील एवढ्या लावू नकोस."