म्हशीच्या शाळेतलं रवंथ

प्राण्यांनाही रोज शाळेत जावं लागायचं, तेव्हाची ही गोष्ट. चांदी म्हैस तिथे वाचन शिकवायची. टिपऱ्या ससा एका दमात धडा संपवायचा. काय वाचलंस विचारलं, की म्हणायचा, "बाई, लवकर वाचलं!"

चांदीला घोर लागला. तळ्यावर पाटी होती, 'इथे मगर राहते.' ती भराभर वाचून तीन ससे पोहायला उतरले, ते परतलेच नाहीत.

"अरे, गवत मीही भराभरच खाते," ती टिपऱ्याला म्हणाली, "पण मग निवांत बसून रवंथ करते. तूही करून बघ."

टिपऱ्याने तळ्यावरची पाटी झर्रकन वाचली, मग खाली बसून रिकामं तोंड हलवत राहिला. थोड्या वेळाने किंचाळला, "बाई, मगर!"

दुसऱ्या दिवशी मगर शाळेत हजर. "बाई, पोरांना आपलं नुसतंच भराभर वाचू द्या हो. मी किती दिवस उपाशी राहू?"