सैल करंगळी

फार पूर्वी, घाटाच्या पायथ्याशी एक गाव होतं. घाट चढून-उतरून येणारे वाटसरू गावातल्या देवीच्या देवळात टेकायचे. त्यांना शिधा मिळावा म्हणून गावात एक रीत होती. प्रत्येक घरची बाई स्वयंपाकाआधी मूठभर तांदूळ देवीच्या नावाने गाडग्यात टाकायची. गाडगं भरलं की ते देवळात जायचं.

देवळातली म्हातारी आत्या तो शिधा वाटसरूंना वाटत असे, तोही मुठीनेच. कोणी माप आणून दिलं तर म्हणायची, "माप आलं की देणारा मापाकडे बघतो, माणसाकडे बघत नाही."

आत्या आता थकली होती. तिने सांगितलं, "चैत्रातल्या पौर्णिमेला गावातल्या एका मुलीला मुठीचा मान देईन. माझ्यामागे शिधा ती वाढेल."

त्या दिवसापासून गावातल्या कासारणीच्या जिवाला चैन पडेना. तिची मुलगी सगुणा आणि शेजारच्या कुंभारणीची मुलगी राही, दोघी एकाच वयाच्या. गावात राहीचं नाव निघालं की कासारणीच्या पोटात दुखायचं. राहीने आजाऱ्याला पेज नेऊन दिली, राहीने हरवलेलं वासरू शोधून आणलं. घराघरांत राहीचंच कौतुक. आपल्या सगुणाचं नाक सरळ, रंग उजळ, आवाज गोड, ते कोणाला दिसत नाही की काय?

एकदा कुंपणावरून ती कुंभारणीला म्हणाली, "तुमच्या राहीला बाई चिखलात बसायची भारीच हौस."

"हो ना," कुंभारीण हसली. "उठवायला गेलं की मलाच खाली बसवते."

टोमणा असा वाया गेला, म्हणून कासारीण आणखीच जळफळली. हिने पोरीला नक्की काहीतरी गुप्त मंत्र शिकवलाय, असं तिच्या मनाने घेतलं. दुसऱ्या दिवशी तिने राहीला हाक मारली आणि तिच्या हातावर तिळाचा लाडू ठेवला.

"राही, तुझी आई तुला काय काय शिकवते गं?"

"आई?" राहीला हसू आलं. "आईला कुठे काय येतं?"

"मग संध्याकाळी देवीपुढे काय म्हणता?"

"आई म्हणते, आज आला त्याला पुरलं, उद्या येईल त्यालाही पुरू दे. मग आम्ही जेवतो. लाडू छान झालाय, मावशी."

पोर पक्की आहे, आईने पढवून ठेवलंय, असं कासारणीला वाटलं. तिने मग सगुणाला देवीचे सतरा श्लोक शिकवायला घेतले. एक अक्षर चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. पोर पेंगायला लागली तरी सोडायची नाही. "कुंभारणीच्या पोरीपुढे मान खाली घालायची नाही," एवढंच तिचं पालुपद.

पौर्णिमेच्या सकाळी सगळं गाव देवळात जमलं. मानासाठी सगुणा आणि राही पुढे आल्या, आणि आधी देवीपुढे श्लोक म्हणायचं ठरलं. सगुणाने सतरा श्लोक असे म्हटले, की पुजारीही डोळे मिटून डोलू लागला. राहीची पाळी आली. दोन ओळींनंतर ती अडली, मान हलवून हसली आणि हात जोडून गप्प उभी राहिली. कासारणीने पदर सावरला आणि कुंभारणीकडे मुद्दाम वळून पाहिलं. कितीतरी महिन्यांनी तिला मोकळा श्वास घेतल्यासारखं वाटलं.

आत्याने तांदळाची पाटी पुढे ओढली. "पोरींनो, आता आलेल्या वाटसरूंना एकेक मूठ वाढा."

राहीने मूठ भरली. एक दाणाही खाली पडू नये म्हणून डावा हात खाली धरला आणि समोरच्या बाईच्या पदरात मूठ मोकळी केली.

मग सगुणा आली. तिने कोपरापर्यंत हात घालून मोठी मूठ भरली, वर उचलली, मनगट हळूच फिरवलं आणि करंगळी सैल सोडली. अर्धे तांदूळ पाटीत परत पडले. उरलेले तिने ऐटीत वाढले. पुढच्या वाटसरूलाही तसंच.

"बाळ, तांदूळ सांडतायत," आत्या म्हणाली.

"सांडत नाहीत, आत्या. मूठ अशीच काढतात."

"कोणी शिकवलं?"

सगुणा गोंधळली. "शिकवायला कशाला हवं? रोज बघते की घरी."

कासारणीने ती मूठ ओळखली. ती करंगळी तिचीच होती. नऊ वर्षं ती शेजारणींच्या देखत तांदळाच्या कणगीत कोपरापर्यंत हात घालत आली होती, आणि अर्धी मूठ अशीच कणगीत परत सोडत आली होती. कोणाला दिसलं नव्हतं. फक्त कडेवरच्या पोरीला दिसलं होतं.

आता कुंभारीण मनात हसत असेल, हाच विचार तिला आधी आला. तिने चोरून पाहिलं. कुंभारीण हसत नव्हती. ती सगुणाकडे बघत होती आणि तिचे डोळे भरले होते. कासारणीला ते हसण्यापेक्षाही जास्त लागलं.

मान राहीला मिळाला.

पायऱ्यांवर सगुणाने आईचा पदर धरला. "आई, सतरापैकी एकही श्लोक चुकला नाही माझा. मग माझं काय चुकलं?"

आजूबाजूच्या बायकांनी कान टवकारले. कासारणीकडे उत्तर तयार होतं. म्हातारीचं आणि कुंभारणीचं आधीपासून साटंलोटं आहे, बस, एवढंच म्हणायचं होतं. शब्द ओठांपर्यंत आले. पण सगुणा तिच्या तोंडाकडे एकटक बघत होती. जे पडेल ते उचलायला पोर तयारच होती.

कासारणीने ते शब्द ओठांतच अडवले.

"तुझं नाही चुकलं," सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली. "तू माझं पाहून केलंस. मीच देवीला अर्धी मूठ घालत आले."

सगुणाने विचारलं, "मग उद्यापासून कशी काढायची?"

"मला तरी कुठे नीट येते?" कासारीण म्हणाली. पुढचं वाक्य तिला जड गेलं, पण ती बोलली. "चल, राहीच्या आईला विचारू. दोघी जाऊ."

तात्पर्य: आईबापांनी पाठ करून घेतलेली भक्ती मुलांच्या ओठांवर राहते, पण त्यांनी रोज जगून दाखवलेली भक्ती मुलांच्या हातात उतरते.